विमान उडवायचे, पण गहाण काय ठेवायचे?

चंद्रपूरजवळच्या मोरवा येथील धावपट्टीवर नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षण देण्याचे ठरले, तेव्हा जिल्ह्यात त्याचा बराच गाजावाजा झाला. जंगल जिल्ह्यातील पोरेही आता विमान चालवणार, असे म्हटले गेले. गोंदियाजवळ बिरसी येथे अशी प्रशिक्षण संस्था २००८ च्या सुमारासच सुरू झाली आहे. अमरावतीजवळ बेलोरा येथे मोठी संस्था काढण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली. म्हणजे विमान शिकण्याची सोय चिमूरहून एसटीने गाठता येईल इतकी जवळ आली. चांगली गोष्ट आहे, आम्ही तिचे स्वागतच करतो. पण धावपट्टी जवळ आली म्हणून फी कमी होत नाही. ती फी कोणी भरायची, हे मात्र कोणी सांगत नाही!

आधी हिशेब समजून घेऊ. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, ज्याला सीपीएल म्हणतात, तो मिळवायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमाप्रमाणे २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास शिकाऊ उमेदवाराने स्वतः विमानाची सूत्रे हाती घेऊन काढायचे असतात. विमानाचे इंधन, देखभाल, प्रशिक्षकाचा पगार, सगळे या तासांवर चढते. भारतात या सर्वाला साधारण ४५ ते ६० लाख रुपये लागतात. परवाना हाती आल्यावरही विमान कंपनी लगेच दारात उभी करीत नाही. एअरबस किंवा बोइंग अशा एखाद्या ठरावीक विमानाचे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्याचे १५ ते २५ लाख वेगळे. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांतून गेले तर आकडा एक कोटीच्याही पुढे जातो. बँकेने ४० लाख ११ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी दिले, असे धरले तरी हप्ता दरमहा ४५ हजारांच्या वर बसतो. आणि शिकत असताना चढलेले व्याज त्यात धरलेलेच नाही. धान आणि सोयाबीन पिकवणाऱ्या, पाऊस गेला की नागपूरला मजुरीला जाणाऱ्या घरासाठी हा आकडा म्हणजे थट्टाच वाटते.

शिक्षणाला पैसा कोणी आणि कशाच्या भरवशावर द्यायचा, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १९१३ मध्ये बाबासाहेब अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५ हजार रुपये एवढी पुंजी होती. भथेनांनी बाबासाहेबांकडे सातबारा मागितला नव्हता. माणूस काय करू शकतो हे त्यांनी पाहिले होते, आणि तेवढ्यावर पैसे दिले. आजची बँक नेमके उलटे करते. ती पोराकडे पाहत नाही, बापाच्या कागदाकडे पाहते.

इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ मध्ये आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली. पुढे तिच्यात दुरुस्त्या झाल्या, पण सरकारी बँकांचे शैक्षणिक कर्ज आजही त्याच चौकटीवर उभे आहे. या योजनेत डीजीसीएमान्य वैमानिक प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा 'पायलटचे शिक्षण आमच्या योजनेत बसत नाही' असे शाखेतला कोणी म्हणाला, तर त्याला योजनेचे पान उघडून दाखवावे. खरी अडचण पुढे आहे. याच योजनेप्रमाणे ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर किंवा सरकारच्या हमी निधीवर भागते. त्याच्या वर मात्र स्थावर तारण द्यावे लागते. इंजिनिअरिंगच्या पोराचे काम कधी कधी साडेसात लाखांत निभावते. वैमानिकाचे शिक्षण सुरूच तिथून होते, जिथे विनातारण कर्ज संपते.

आणि तारण म्हणून आमच्या माणसाकडे असते काय? चिमूर तालुक्यातल्या कोणत्याही गावात जाऊन पाहा. आदिवासी बांधवाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पट्टा मिळाला, तर त्या कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे ती जमीन वारसाने मिळते, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. ही तरतूद जमीन वाचवण्यासाठी केली आहे आणि ती योग्यच आहे. पण बँकेच्या लेखी असा पट्टा म्हणजे कोरा कागद. आमचा बौद्ध माणूस त्याच जंगलाच्या कडेला त्याच पिढ्यांपासून राहतो. पण तो 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतो आणि त्याला ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. पुरावा कुठून आणणार? ज्याला गावात उभे राहू दिले नाही, त्याची नोंद कोणत्या पाटलाने ठेवली असेल? कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाच्या सबळीकरण योजनेतून २००४ पासून भूमिहीनांना जमीन मिळते, तीही विकता येत नाही. गायरानावरचे वावर तर अतिक्रमणातच मोडते. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असला की परवानगीची फाइल आली, आणि ती पाहताच व्यवस्थापक नाक मुरडतो. घर गावठाणात आहे, पण मालमत्ता पत्रक नाही. याचा अर्थ असा की माणूस पिढ्यान्पिढ्या जमीन कसतो, घरात राहतो, कर भरतो, आणि तरी बँकेच्या टेबलासमोर तो मालक नसतो.

गेल्या खरिपाच्या तोंडावर तालुक्यातल्या एका गावातून बाप-लेक आमच्याकडे आले. पोरगी बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन चांगल्या गुणांनी पास. तिने सगळी माहिती स्वतः काढलेली होती; किती तास, कोणत्या परीक्षा, कुठे किती फी, सगळे एका वहीत व्यवस्थित लिहून आणले होते. एका बँकेने तिला तोंडीच नकार दिला होता. कारण दोन. बापाचे पीककर्ज थकले होते आणि नंतर तडजोडीने मिटवले होते. आईच्या नावावर गटाच्या कर्जाचे दोन-तीन हप्ते मागे राहिले होते. 'तुमचा सिबिल खराब आहे,' एवढे सांगून त्यांना वाटेला लावले. बाप आम्हाला म्हणाला, "वकीलसाहेब, दीड एकर वावर इकतो, पण पोरगी उडाली पायजे." आम्ही त्याला दोन गोष्टी सांगितल्या. वावर विकायचे नाही, हे पहिले. आणि नकार लेखी घेतल्याशिवाय बँकेच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, हे दुसरे.

सिबिलचा हा बागुलबुवा जरा नीट पाहिला पाहिजे. ३०० ते ९०० मधला हा एक आकडा. तुम्ही घेतलेली कर्जे कशी फेडली याची नोंद ठेवणाऱ्या खासगी कंपन्या तो काढतात. त्यांच्यावर २००५ चा कायदा लागू आहे. आमच्या आया-बहिणींना सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या नोंदीही तिथे जातात, हे कित्येकींना ठाऊकच नसते. आठवड्याच्या बैठकीत शेजारणीचा हप्ता भरायला पैसे दिले आणि आपला राहिला, की नोंद आपल्या नावावर! तडजोडीने मिटवलेले कर्ज 'सेटल्ड' असे दिसते, 'क्लोज्ड' असे नाही, आणि बँकेला तो शब्द खुपतो. आपला अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने दिलेला आहे. तो आधी काढावा. चुकीची नोंद असेल तर लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे. बरोबर नोंद असेल आणि थोडीच बाकी असेल, तर ती भरून 'काही येणे नाही' असा दाखला घ्यावा. दोन-तीन हजारांच्या बाकीपायी चाळीस लाखांचा अर्ज अडकलेला आम्ही पाहिला आहे.

पण मुळात बापाच्या सिबिलवरून लेकराचे शिक्षण अडवता येते का? केरळ उच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की, आईवडिलांचा कर्जफेडीचा इतिहास समाधानकारक नाही एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही. शिक्षणानंतर विद्यार्थ्याची फेडण्याची क्षमता काय राहील हे पाहायचे. मे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या एकलपीठाने, विद्यार्थ्याचा स्वतःचा आकडा कमी असतानाही, केवळ त्यावरून अर्ज फेटाळू नये असे म्हटले. हे निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाहीत, पण नागपूर खंडपीठासमोर ते आधार म्हणून नक्की ठेवता येतात. पोरीने स्वतः तर कधीच कर्ज घेतलेले नसते. अशा पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला, मागचा इतिहास नाही एवढ्याच कारणाने नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे जानेवारी २०२५ चे निर्देश आहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने ते लोकसभेतही सांगितले. आदर्श योजनेप्रमाणे अर्ज फेटाळायचा असेल तर वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते आणि कारण कळवावे लागते. म्हणूनच तोंडी नकार दिला जातो. कागदावर आले की जबाब द्यावा लागतो ना! अर्जाची पोच घ्या. उत्तर आले नाही तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लिहा, ३० दिवस थांबा, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. याला वकील लागत नाही, फी लागत नाही.

हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, न्यायालयात जिंकले तरी तारणाचा प्रश्न सुटत नाही. सिबिलची भिंत पडली तरी सातबाराची उभी असते. पगारदार काका-मामा, शिक्षक असलेली आत्या जामीन राहायला तयार झाली तर काही बँका ऐकतात. आमच्या समाजात नोकरीला लागलेली एक पिढी आहे, शहरात तिचे फ्लॅट आहेत. तिने गावाकडच्या एका हुशार लेकरासाठी सही करावी की नाही? याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. चाळीस लाखांची सही मागणे सोपे नाही, हे आम्हालाही कळते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, कर्ज ही शेवटची पायरी आहे. पहिली पायरी शिष्यवृत्तीची. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले, त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी व परदेशी शिक्षणासाठी पैसा मागितला. त्यातून वर्षाला ३ लाख रुपये मंजूर झाले आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तंत्रशिक्षणच का मागितले? कारण ते महाग होते आणि आपल्याला कोणी उधार देत नव्हते. आज विमान शिकणे म्हणजे तेच आहे. याच मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमांत वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम पहिल्या गटात होता, आणि निवडलेल्या उमेदवाराला उड्डाणाच्या तासाला ५ हजार रुपयांप्रमाणे २०० तासांचे, म्हणजे १० लाख रुपये देण्याची तरतूद होती. केंद्राच्या 'टॉप क्लास' शिष्यवृत्तीत खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा घातलेली होती. किती जणांना ठाऊक होते हे? आमच्या वसतिगृहांच्या फलकावर शिक्षक भरतीची आणि पोलीस भरतीची जाहिरात लागते. वैमानिकाची कधी लागली नाही. आणि तासाला ५ हजारांत विमान उडत नाही, हे नियम करणाऱ्यांनाही माहीत असणारच. बाकीचे पैसे कोण देणार, हा प्रश्न मोकळा सोडला की योजना कागदावर राहते आणि मग 'उमेदवारच मिळत नाहीत' असे म्हणायला सरकार मोकळे!

तरीही दार ठोठावलेच पाहिजे. उत्तर प्रदेशात रायबरेलीजवळ फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे, १९८५ मध्ये स्थापन झालेली, केंद्र सरकारची. तिच्या प्रवेशात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आहेत, प्रवेश परीक्षेवर होतो. खासगी संस्थेची मर्यादा सरकारी संस्थेला लागत नसल्याने, जिथे संस्था 'टॉप क्लास'च्या चालू यादीत असेल तिथे शिक्षण शुल्काचा मोठा भार उतरू शकतो. प्रवेश घेण्याआधी यादी पाहा. या योजनेची उत्पन्न मर्यादा ८ लाख आहे, मॅट्रिकोत्तरची अडीच लाख. एक सूचना विशेषतः बौद्ध पालकांसाठी. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, पण दाखल्यावर नुसते 'नवबौद्ध' लिहून केंद्राच्या योजनेत चालत नाही. मूळ जातीचा उल्लेख असलेला केंद्रीय नमुन्यातला दाखला पोरगी अकरावीत असतानाच काढून ठेवा. शेवटच्या दिवशी तहसीलचे सर्व्हर बंद असते, हा नियमच आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीकडे मात्र डोळे लावून बसू नये. ती परदेशी विद्यापीठातल्या पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या शिक्षणाला आहे, तिकडच्या फ्लाइंग स्कूलला नाही.

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे आणि राष्ट्रीय अनुसूचित जाती वित्त महामंडळाचे शैक्षणिक कर्ज त्याच्यामार्फत येते. अलीकडे त्याची मर्यादा देशातल्या शिक्षणासाठी ३० लाखांपर्यंत गेली आहे, व्याजही बँकेपेक्षा कमी. वैमानिकाचा अभ्यासक्रम त्यांच्या यादीत धरला जातो का, हे चंद्रपूरच्या जिल्हा कार्यालयात लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. नसेल तर तो धरावा, यासाठी संघटनांनी आवाज उठवला पाहिजे. इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठीच्या महाज्योती या नागपूरच्या संस्थेने २०२१ मध्ये २० विद्यार्थ्यांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना जाहीर केली. फी संस्थेने भरायची, पालकांनी नाही. कल्पना अगदी बरोबर होती. ज्या क्लबवर ती सोपवली, तो त्याआधी काही वर्षे बंद पडलेला होता आणि त्याच्यासाठी नागपूर खंडपीठात जनहित याचिका करावी लागली होती, हा भाग वेगळा. पैसा मंजूर होणे आणि विमान उडणे यांत किती अंतर असते, ते यावरून कळते. याच धर्तीची, दरवर्षी ठरलेल्या तारखेला निघणारी आणि चालू स्थितीतल्या संस्थेशी करार असलेली जाहिरात बार्टीची असली पाहिजे. त्यासाठी निवेदनांचा भडिमार झाला पाहिजे. केरळ सरकारने अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांसाठी 'विंग्ज' नावाची योजना काढून तिरुवनंतपुरमच्या सरकारी अकादमीत मुले पाठवली. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला ते अवघड का जावे?

पैसा न लागणारी एक वाटही आहे, आणि ती आमच्या जिल्ह्यातून जाते. हवाई दल आपल्या वैमानिकाला स्वतः शिकवते, पालकांकडून एक रुपया घेत नाही. बारावीला भौतिकशास्त्र-गणित असलेल्या मुलाला एनडीएची परीक्षा देता येते. २०२२ पासून मुलीही तिथे आहेत. तिथे आरक्षण नाही, गुणवत्तेवर जायचे आहे, हे लक्षात ठेवावे. परीक्षेची फी मात्र अनुसूचित जाती-जमातींना आणि मुलींना माफ आहे. बल्लारपूरजवळ भिवकुंड येथे २०१९ पासून सैनिक शाळा चंद्रपूर सुरू आहे. सहावीला आणि नववीला प्रवेश, अनुसूचित जातींना १५ टक्के आणि जमातींना साडेसात टक्के जागा. आमच्या तालुक्यातून किती पालक या परीक्षेचा अर्ज भरतात? पाचवीतल्या पोराचा अर्ज भरला, तर बारावीनंतर वावर विकण्याची वेळ कदाचित येणारच नाही.

ज्यांना खासगी वाटेनेच जायचे आहे, त्यांनी पैसा कोणत्या क्रमाने खर्च करायचा हे तरी नीट ठरवावे. आमच्याकडे येणारे पालक पहिल्यांदा संस्थेची फी भरतात आणि वैद्यकीय तपासणी नंतर करतात. हे उलटे आहे! वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरला तर ४५ लाखांचे काय? विशेषतः आपल्या भागात, आदिवासी आणि बौद्ध दोन्ही समाजांत, सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. वाहक असणे आणि प्रत्यक्ष आजार असणे यांत फरक आहे. सरकारी रुग्णालयात रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि डीजीसीएमान्य डॉक्टरला तो अहवाल दाखवून स्पष्ट विचारावे. त्यानंतर डीजीसीएच्या लेखी परीक्षा. हवामान, दिशादर्शन, हवाई नियम, तांत्रिक विषय. ७० टक्के गुण लागतात. यांचा अभ्यास विमानात न बसता, घरी किंवा नागपूरला खोली घेऊन करता येतो आणि त्याला उड्डाणाच्या मानाने अगदी थोडा खर्च येतो. या परीक्षा पास झालेली पोरगी बँकेसमोर, शिष्यवृत्ती समितीसमोर, जामीन राहणाऱ्या मामासमोर वेगळ्याच तोऱ्यात उभी राहते. बारावीला गणित-भौतिकशास्त्र नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते विषय देता येतात.

फी एकदम मागणाऱ्या संस्थेपासून सावध राहावे. बँकही टप्प्याटप्प्याने पैसा सोडते. तुम्ही का एकदम द्यायचा? विमाने किती, उडण्याच्या स्थितीत किती, मागच्या तुकडीला २०० तास पूर्ण करायला किती महिने लागले, हे तिथे शिकणाऱ्या मुलांना विचारावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीला एका संस्थेची दोन विमाने चार दिवसांत कोसळली आणि डीजीसीएने तिचे प्रशिक्षण थांबवले. तिथल्या मुलांचे तास थांबले. कर्जाचे व्याज थांबले असेल काय? १ ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए अशा संस्थांची श्रेणी जाहीर करते. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत देशातली एकही संस्था नव्हती! आणखी एक. डीजीसीएमान्य संस्थेच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला जीएसटी लागत नाही, असा खुलासा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला आहे. त्याआधी अनेक संस्था १८ टक्के लावत. ४० लाखांवर हे ७ लाख २० हजार होतात. पावतीवर जीएसटी दिसला तर खुलाशाची प्रत दाखवून हिशेब मागावा.

आणि परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली, असेही नाही. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली. अनुभवी वैमानिक रस्त्यावर आले. दुसरीकडे २०२३ मध्येच एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिक कमी पडल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. माणसे हवी आहेत, पण अनुभवी हवी आहेत; नव्या पोराला वर्ष-दोन वर्षे थांबावे लागू शकते. पूर्वी एअर इंडिया सरकारी होती, तेव्हा तिथे वैमानिकांच्या जागांनाही आरक्षण होते. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटांकडे गेली आणि ते दार बंद झाले. त्यामुळे आमच्या लेकराच्या कर्जाची जोखीम इतरांच्या लेकरापेक्षा जास्त आहे, हे उघड आहे. कर्ज घेताना त्याच्यावर विमा उतरवावा, आणि हप्ता सुरू होण्याची मुदत अभ्यासक्रमानंतर किमान एक वर्ष आहे ना, हे मंजुरीपत्रात वाचून मगच सही करावी.

सावकाराकडे मात्र अजिबात जायचे नाही. डिसेंबर २०२५ मध्ये शेजारच्याच नागभीड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सावकारांच्या तगाद्यापायी किडनी विकल्याचे प्रकरण साऱ्या राज्याने पाहिले. तो पैसा गायींच्या आणि शेतीच्या गरजेतून सुरू झाला होता. लाखभराच्या कर्जाची ही गत, तर चाळीस लाखांचे काय होईल? कोणी आधीच जमीन लिहून दिली असेल, तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याच्या कलम १८ प्रमाणे १५ वर्षांच्या आतल्या अशा व्यवहाराबाबत जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. खरेदीखत झाले म्हणून सगळे संपले, असे समजू नये.

त्या पोरीचे काम सध्या असे आहे. वैद्यकीय तपासणीचा पहिला टप्पा पार पडला, दोन लेखी परीक्षा ती पास झाली, आईच्या गटाची बाकी भरून दाखला घेतला. बँकेकडे अर्ज पुन्हा टाकला आहे आणि या वेळी पोच घेतली आहे. वावर अजून घरातच आहे, यंदा त्यात सोयाबीन होते. अशी आणखी लेकरे तालुक्यात असतील, तर पालकांनी बारावीची गुणपत्रिका, जातीचा केंद्रीय नमुन्यातला दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा किंवा पट्टा, सिबिलचा अहवाल आणि बँकेचा नकार लेखी मिळाला असल्यास तो, एवढे घेऊन चिमूर न्यायालयाच्या आवारात कामकाजाच्या कोणत्याही दिवशी दुपारच्या सुट्टीत भेटावे. पाच-सहा नकार एकत्र जमले तर निवेदन एकट्याचे राहत नाही, आणि खंडपीठात जायचे तर ते कागदच लागतील.